चिखलात बसलेली बाल्कनी

दारात कृष्णा आणि कोयना दोन्ही असूनही आम्हा कराडकरांना समुद्राचं कौतुक जरा जास्तच. त्यामुळे लेकीचा फोन आला, "आई, लग्नाच्या वाढदिवसाला तुम्हा दोघांना क्रूझवर जेवायला घालणार आहे, प्रायव्हेट बाल्कनीत," तेव्हा मी आधी शेजारी सांगून आले आणि मग ह्यांना सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर पांढरंशुभ्र मजल्यामजल्यांचं जहाज उभं राहिलं होतं. क्रूझ बोईसरजवळून सुटते हे ऐकल्यावर मात्र ह्यांनी चष्मा काढून पुसला.

"बोईसरला बंदर कधी झालं?"

"झालं असेल. तुम्ही कुठे बाहेर पडता?" मी म्हणाले.

मुग्धा, आमची लेक, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते आणि सालवडला भाड्याच्या खोलीत राहते. आम्ही आदल्या दिवशी तिच्याकडे पोचलो. एका ओळीत आठ-दहा खोल्या, समोर दोऱ्यांवर वाळत घातलेले कंपन्यांचे निळे गणवेश, आणि हवेत एक असा वास, की ज्याचं नाव विचारावं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. सकाळी नळावर शेजारच्या खोलीतली बाई भेटली. तिचा नवरा कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला. आम्ही कुठे निघालो ते तिला आधीच कळलेलं होतं.

"आंटीजी, जहाज में खाना खाने जा रहे हो?"

"हां, बाल्कनी में," मी ऐटीत म्हणाले.

"यहाँ बाल्कनी तो हमने आज तक नहीं देखी," ती हसून म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

मुग्धाने आम्हाला रिक्षात बसवलं. तिला ड्यूटीवर जायचं होतं, संध्याकाळी न्यायला येते म्हणाली. रिक्षा कुंभवलीवरून निघाली. कारखान्यांच्या भिंती संपतात तिथे एकदम भाताची कापलेली शेतं सुरू होतात, मग ताडाची झाडं, आणि मग वारा बदलतो. मुरबे गाव आलं ते असं आधी नाकाला कळलं. ह्यांनी रुमाल काढला. मी नाही काढला, कारण मला ते बघायचं होतं.

गावाच्या कडेला बांबूंच्या रांगा उभ्या करून त्यांवर बोंबील वाळत घातले होते. लांबून पाहिलं तर धुणंच. जवळ गेल्यावर दिसलं, की त्यांना ना दोरा ना टाचणी. मी एका म्हातारीला विचारलं, की हे पडत कसे नाहीत. तिने टोपलीतले दोन ओले बोंबील घेतले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. "ह्याच्या तोंडात त्याचं तोंड. सुकेपर्यंत सोडीत नाय," ती म्हणाली. मलाही एक जोडी लावून बघायची होती. पहिली दोनदा चिखलात पडली, तिसऱ्यांदा जमली. हे मागून म्हणत होते, "अगं, जहाज सुटेल."

जहाज सुटलं नव्हतं, कारण जहाज नव्हतंच. धक्क्यावर एक मासेमारीची होडी बांधलेली होती. तिच्या मागच्या भागावर फळ्या टाकून एक चौथरा केला होता, वर कापडाचं छत, खाली टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर प्लॅस्टिकचा गुलाब. भोवती सागवानी, नक्षीदार कठडा, होडीच्या मानाने जरा मोठाच. बाजूला फळीवर रंगवलेलं: क्रूझ. खाजगी बाल्कनी. घरचं जेवण.

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. हसू आवरणं कठीण झालं असतं.

होडीचा मालक जयवंत, पन्नाशी उलटलेला मांगेला कोळी, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. "या ताई, या दादा," म्हणत त्याने ह्यांना हाताला धरून चढवलं. मी मागे राहिले, कारण एक बाई डोक्यावर पातेल्यांची उतरंड घेऊन आली आणि तिने मला कोपराला धरून बाजूला घेतलं. ही जमना, त्याची बायको. जेवण तिनेच केलं होतं.

"ताई, एक करा. जाऊन आल्यावर मला खरं सांगा. बरं वाटलं तर बरं, नाय तर नाय. भीड धरू नका."

"म्हणजे?"

"तुमी पयलं गिऱ्हाईक. दोन वर्सांमागं ह्याचा खांदा निखळला, तवापास्नं जाळं वढवत नाय. होडी नुसती उभी. डहाणूकडचा एक माणूस घेतो म्हणतोय, त्याचा आज सांजेला फोन येणार हाय. हा म्हणतो, लोकांना फिरवीन, जेवाया घालीन. तर आमचं ठरलंय. पयल्या गिऱ्हाईकाला आवडलं तर होडी ऱ्हाईल. नाय आवडलं तर जाईल."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"गेली तर बरंच वाटंल मला," ती म्हणाली. "किती वर्सं वाट बघायची त्या होडीची?"

तुम्ही येत नाही का, असं मी विचारलं. आमच्यात बायका होडीवर जात नायत, ती म्हणाली. नारळी पुनवेला सजवलेल्या होडीत धक्क्याजवळ बसली असेल तेवढीच. मासा बायकांचा होतो तो धक्क्यावर आल्यानंतर.

म्हणजे आता जेवायला बसायचं ते एका माणसाची होडी पणाला लावून. माझं कौतुक जरा उतरलं. खोटं बोलायचं नाही आणि कुणाचं घरही मोडायचं नाही, हे दोन्ही एका जेवणात कसं जमणार होतं कोण जाणे.

होडी निघाली. खाडी रुंद आणि तपकिरी, दोन्ही काठांना तिवरांची हिरवी गर्दी. पलीकडच्या काठाला सातपाटीच्या होड्या रंगीत बावटे लावून उभ्या होत्या, आणि मागे वळून पाहिलं की झाडांच्या वर बोईसरकडची धुराडी. मी विचारत सुटले. हा पांढरा पक्षी कोणता, पाण्यात खुंट कसले, भरती कशी कळते. जयवंत सुकाणू धरून सगळ्याला उत्तर देत होता. आज दशमी, म्हणजे सकाळी पाणी भरलं, दुपारी सुकणार. त्याला घड्याळ लागत नव्हतं, तिथी पुरत होती. खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन त्याने आम्हाला समुद्र दाखवला. मोठा, मोकळा, आणि माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ गढूळ. मग होडी आत वळवून गावाजवळच्याच एका शांत वाकणावर, तिवरांच्या आडोशाला त्याने नांगर टाकला.

"हितं हालत नाय. आता सुखानं जेवा."

तांदळाच्या भाकऱ्या, तळलेले बोंबील, सुक्या जवळ्याची चटणी, भात आणि पाल्याचं कालवण. पाला हा समुद्रातून खाडीत चढणारा मासा. चव अशी की बोलणं बंद व्हावं, आणि काटे असे की बोलणं बंद ठेवावंच लागावं. वारा होता, छत फडफडत होतं, आणि आमच्या दोघांशिवाय आजूबाजूला कुणी नव्हतं. मला फार छान वाटलं. पस्तीस वर्षांत आम्ही दोघंच असे समोरासमोर कधी जेवलो होतो, ते आठवेना. घरी मी वाढत असते.

इथे ह्यांच्या जेवणाविषयी सांगायला हवं. हे जेवतात म्हणजे पोथी वाचतात. आमच्याकडे पंगतीत ह्यांना शेवटच्या पानावर बसवतात, म्हणजे उष्टी काढणाऱ्यांची अडचण होत नाही. त्यात पुढ्यात पाला. घाटावरच्या माणसाला माशापेक्षा काट्याची धास्ती. हे एकेक काटा काढून ताटाच्या कडेला रांगेत लावत होते.

जयवंत पुढून आला, पाण्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

थोड्या वेळाने पुन्हा आला. पुन्हा पाण्याकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं, कपाळ पुसलं. "दादा, भात वाढू?"

"वाढा थोडा," हे म्हणाले.

असं तीनदा झालं. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आधीपेक्षा उतरलेला आणि प्रत्येक वेळी हातात पातेलं. मला वाटलं, आम्हाला जेवण आवडलं की नाही याची बिचाऱ्याला काळजी लागली आहे. मी पाचव्यांदा सांगितलं, की कालवण उत्तम आहे. तो कसनुसं हसला आणि ह्यांना आणखी एक तुकडा वाढून गेला.

मग माझ्या वाटीतलं कालवण आपोआप एका कडेला गेलं. प्लॅस्टिकचा गुलाब घरंगळत माझ्या मांडीवर आला. खालून एक लांब, ओला आवाज झाला आणि सगळं थांबलं. कठड्यावरून वाकून पाहिलं तर होडीखाली पाणी नव्हतं. चकचकीत काळा चिखल होता, आणि त्यावर निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) आमच्याकडे डोळे वर करून बघत होत्या.

"बसली होडी," जयवंत म्हणाला. तो इतका हळू बोलला, की मला त्याचा राग यायच्या आधी दया आली.

"अहो, पण तुम्हाला कळलं नाही? पाणी उतरतंय ते?"

"कवापास्नं कळत होतं."

"मग सांगायचं ना! पाच मिनिटांत ताटं आवरली असती."

त्याने मान खाली घातली. "जेवत्या माणसाला पानावरनं उठवायचं कसं, ताई? आमच्यात नाय उठवीत. बापानं होडी फुटायची वेळ आली तरी उठवला नाय कुणाला. त्यात तुमी पाव्हणे."

जन्मभर समुद्रात गेलेल्या माणसाने आपल्या दारच्या खाडीत होडी चिखलात घातली, कारण माझ्या नवऱ्याचा मासा संपत नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी हात तसाच ठेवून विचारलं, "मी थांबू का?"

"आता कशाला? आता जेवा पोटभर," मी म्हणाले.

पाणी दुपार कलल्यावर परत येणार होतं. तोवर आमची बाल्कनी गावासमोर चिखलात तिरकी उभी. काठावर माणसं जमायला लागली. कोळीवाड्यात कुणाची होडी बसली, तर ती सगळ्यांनी बघायची असते, असं दिसलं.

"काय रं जयवंता, घर बांधलास का काय तिथं?" एक जण ओरडला.

"माळा पण घाल वर," दुसरा.

जयवंत पाठ करून नांगराचा दोर उगीचच गुंडाळत बसला. त्याचे कान लाल झाले होते. त्याची होडी गेली, हे त्यालाही कळलं होतं आणि मलाही.

तेवढ्यात काठावरून एक बाई चिखलात उतरली. लुगड्याचा कासोटा वर खोचलेला, पाय कुठे टाकायचा हे न बघताही ठाऊक असल्यासारखी ती सरळ आमच्याकडे येत होती. आपण गुडघ्यापर्यंत जाऊ तिथे ती घोट्यापर्यंत. जमना. होडीखाली येऊन ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि नवऱ्याला जे बोलली ते मला निम्मंच समजलं, पण निम्मं पुरेसं होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"सांगा ताई आता. कशी हाय क्रूझ?"

जयवंतने दोर खाली ठेवला.

"अजून जेवण चाललंय," मी म्हणाले. "झाल्याशिवाय कसं सांगू? तुम्ही जेवलात का?"

"मी? मी कवा जेवते?"

"मग वर या. जयवंतभाऊही उपाशी आणि तुम्हीही."

"सांगितलं ना, आमच्या बायका होडीवर नाय चढत."

तेव्हा आमचे हे, ताटातून मान वर न करता, त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "वहिनी, होडी पाण्यात असली तर होडी. आत्ता ती जमिनीवर आहे. घरासारखीच की."

जमनाने खालच्या चिखलाकडे पाहिलं. ओठ दाबून हसू अडवायचा प्रयत्न केला, तो फसला. मग पाय चिखलातून उपसून, फळीला धरून ती वर आली. जयवंत हात द्यायला पुढे झाला, तो तिने घेतला नाही. पण कठड्याला हात लागल्यावर ती थांबली.

"हा आमच्या माडीचा," ती मला म्हणाली. "ह्यानं घरचा कठडा काढून हितं लावलाय. लगीन होऊन आली तवापास्नं ह्यालाच धरून उभी ऱ्हायची मी. होड्या यायच्या वेळेला. वारं सुटलं का जास्तच." तिने लाकडावरून हात फिरवला. "आता माडी बोडकी दिसते."

"तुला राग आला, ठाव हाय," जयवंत म्हणाला.

"ठाव हाय तर काढलास कशाला?"

"दुसरं चांगलं काय होतं माज्याकडं?"

ती खाली बसली, दोन ताटं वाढली, एक त्याच्यापुढे सरकवलं. मग ह्यांच्या ताटाकडे तिचं लक्ष गेलं आणि ती हबकली. "असा खातात काय पाला?" तिने तुकडा घेतला, अंगठ्याने पाठीकडून दाबला, आणि मांस आणि काटे वेगळे करून दाखवले. शेपटीकडून सुरू करायचं, डोक्याकडून नाही. ह्यांचा पुढचा तुकडा चक्क माझ्याबरोबर संपला. हे सकाळी कळलं असतं, तर ही वेळच आली नसती.

तिरक्या टेबलावर, ताटांखाली भाकरीची टोपली टेकवून आम्ही चौघं जेवलो. काठावरच्या लोकांना गंमत संपलीशी वाटून ते घरोघर गेले. जमना प्रत्येक गोष्ट निरखून बघत होती. इंजीन कुठे, झोपायची जागा कोणती, पाणी कुठल्या पिंपात. "हितं झोपायचास?" तिने विचारलं. ती फळी माणसाच्या रुंदीपेक्षाही अरुंद होती. "चार-चार रात्री?" तो नुसता हूं म्हणाला.

पाणी परत आलं ते आधी ऐकू आलं. चिखलाच्या भोकांतून बुडबुडे, मग एक पातळ चकाकी, मग ती चकाकी पुढे सरकायला लागली. निवट्या गायब. होडी एकदा हलली.

"जमने," जयवंत उठला. "उतरायचं तर आता उतर. चिखल हाय तवर."

जमनाने पाण्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"भांडी कोण आवरील?" ती म्हणाली, आणि बसूनच राहिली.

होडी सरळ झाली. तिने पातेल्याला हात लावला नाही. दोन्ही हातांनी कठडा धरला होता. वळायला जागा हवी म्हणून जयवंतने होडी खाडीच्या तोंडाकडे नेली आणि तिथून गावाकडे फिरवली. मुरबे समोर आलं. ताडांची रांग, बोंबलांचे बांबू, कौलं. जमना उभी राहिली.

"आपलं घर कुठलं?"

"ते काय. हितं आलं का पयलं तेच दिसतं."

"माडी पण?"

"माडी पण. तू पण."

ती वळली. "मी दिसायची हितनं?"

"दिसायचीस ना. म्हणून तर हात करायचो. दर टायमाला."

"मला वाटायचं, जाळं आवरतोस," ती म्हणाली.

मी कठड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तेवढीच जागा होती. हेही उठले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

धक्का जवळ येत असताना जयवंतचा फोन वाजला. त्याने खिशातून काढला, पाहिलं, आणि त्याचा हात तसाच राहिला. जमनाने तो त्याच्या हातातून घेतला.

"मी जयवंतची घरवाली बोलते. होय. होडी पाण्यात हाय आता." ती थोडं ऐकत राहिली. "नाय, नंतर पण नको. विकायची नाय."

मी धक्क्यावर उतरेपर्यंत मनात उत्तर जुळवत होते. जेवण उत्तम, वारा छान, फक्त ओहोटीचं बघा, असं काहीतरी. पण मला कुणी विचारलंच नाही. जमनाने आमची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "तुमी व्हा पुढं. आमी जरा येतो." दोर पुन्हा सुटला आणि ती दोघं ज्या वाटेने आलो त्याच वाटेने निघून गेली. भांडी तशीच होती.

आम्ही कराडला परतलो. शेजारी क्रूझ कशी झाली विचारतात, मी चिखलाची गोष्ट सांगते आणि लोक पोट धरून हसतात. मुग्धा सांगते, की जमनाबाई आता प्रत्येक फेरीला होडीवर असते. पाणी उतरायला लागलं की ती सरळ पाहुण्यांना म्हणते, "आटपा पटापट, नाय तर इथंच ऱ्हायाला लागंल." जयवंतच्या तोंडून ते अजून निघत नाही.

एक गोष्ट मात्र मी शेजारी सांगितलेली नाही. हे रोज संध्याकाळी फिरायला जातात. कोपऱ्यावर पोचले की वळून उभे राहतात, खाली वाकतात, मग पुढे जातात. मी इतकी वर्षं दारातून बघते. चप्पल नीट करत असतील, असं धरून चालले होते. परवा विचारलं. "अगं, पट्टा सैल झालाय," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी चप्पल चांभाराकडे नेली आणि पट्टा घट्ट शिवून आणला.

हे अजूनही कोपऱ्यावर थांबतात. मी दारातून हात करते.